पत्रिका फाडून वाचणारे सर

आमचे सर लग्नपत्रिका फाडून वाचायचे. कुणी पत्रिका घेऊन आलं की पाकीट तिथल्या तिथे परत. मग टेबलावरची पट्टी घ्यायची आणि गणपती, कुलदैवत, आशीर्वाद देणारे थोरले, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, हा सगळा गोतावळा सरळ रेघेत फाडून वेगळा काढायचा. तारीख, वेळ आणि ठिकाण एवढा बोटभर तुकडा खिशात जायचा. उरलेली पत्रिका ते आणणाऱ्याच्याच हातात ठेवत आणि म्हणत, ‘घेऊन जा बाप्पा. ज्याले पूर्ण लागते त्याले देजो.’

लोक चिडायचे, चिडणारच. एका मुलीच्या बापाने तर जिना उतरताना सरांच्या सात पिढ्या काढल्या. पण लग्नाला सर सगळ्यांच्या आधी हजर असायचे, आणि जाड पत्रिका कपाटात जपून ठेवणारे पाहुणे भलत्याच मंगल कार्यालयात जेवून यायचे.

सरांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस हिंगणघाटजवळच्या जाम गावाच्या चौकात, टायरच्या दुकानावर होतं. पुण्याची कंपनी सोडून माणूस नागपूरला येतो, फार तर वर्ध्याला. हे हायवेच्या जंक्शनवर येऊन बसले. काऊन, असं कुणी विचारलं की म्हणायचे, ‘चारी बाजूनं रस्ते हाय, अजून काय पाह्यजे?’ खाली कॉम्प्रेसर फुसफुसायचा, ट्रकवाले एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी करायचे, आणि वर आम्ही डेटाबेसशी डोकं लावत बसायचो. आम्ही म्हणजे सर आणि मी. मी वडनेरची, रोज बसने यायची. इंजिनिअरिंग होऊन घरी बसले होते. सरांनी मुलाखतीत एकच विचारलं, ‘बस भेटते का वेळेवर?’ आणि नोकरी दिली.

पुणं का सोडलं याचं खरं उत्तर मला त्यांनी एकदा चहा पिताना दिलं. तिथे म्हणे एक बटण निळं करायचं की हिरवं, हे ठरवायला अख्खा मजला मीटिंगला बसायचा. ‘रंग पाहाले मानसं, मानसं पाहाले मॅनेजर, मॅनेजर पाहाले आनखी एक. मी म्हटलं, बटन तरी दाखवा ना बे एकदा!’

सरांचा एक प्रश्न होता आणि तो ते कुणालाही विचारायचे. ‘पाहाचं हाय का बदलवाचं हाय?’ मीटर बघायला आलेल्या वायरमनला विचारायचे, नाडी बघणाऱ्या डॉक्टरला विचारायचे. एकदा चौकात ट्रॅफिक हवालदाराने त्यांची स्कूटर अडवली आणि लायसन मागितलं. सरांनी झेरॉक्स पुढे केली. हवालदार म्हणाला, ओरिजिनल दाखवा. सर म्हणाले, ‘साहेब, तुमाले पाहाचं हाय का बदलवाचं हाय? पाहाचं असन तं ह्याच्यात सगळं हाय. नाव हाय, फोटो हाय, तारीख हाय. बदलवाचं असन तं ओरिजिनल देतो, पेन पन देतो.’ हवालदाराने त्यांना उन्हात चांगलं तासभर उभं ठेवलं. सर उभे राहिले, पण ओरिजिनल काही काढलं नाही. शेवटी तोच कंटाळला.

हे सगळं त्यांनी कोडिंगमधून घेतलं होतं की कोडिंग त्यांनी आपल्या स्वभावावरून निवडलं होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा पहिला आठवडा होता. मी जावास्क्रिप्टमध्ये एका यादीचं पान लिहिलं होतं. डॉक्युमेंट डेटाबेसमधून नोंदी आणायच्या आणि दाखवायच्या, बस. सरांनी कोड पाहिला आणि मला खाली टायरच्या दुकानात ट्यूबचा भाव विचारायला पाठवलं. मी भाव विचारून वर आले.

‘टायरवाला कुठी हाय?’ सरांनी विचारलं.

‘खाली आहे.’

‘संगं नाई आनला? त्याचा जॅक, त्याचा पाना, ते हवा भराची मशीन, काहीच नाई आनलं?’

‘सर, तुम्ही भाव विचारायला सांगितला होता.’

‘मंग कोडात काऊन आनून राह्यली व सगळं?’

मग त्यांनी समजावलं. डेटाबेस आणि आमच्यामध्ये एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडची पेटी, बसलेली असते. तिच्याकडे नोंद मागितली की ती नुसती नोंद देत नाही. तुम्ही त्यात काय बदललं यावर नजर ठेवणारी यंत्रणा, चूक तपासणारी यंत्रणा, परत जतन करायची सोय, असं सगळं लटांबर त्या प्रत्येक नोंदीला बांधून देते. नोंद बदलायची असेल तर हे लागतंच. पण नुसती दाखवायची असेल, तर क्वेरीच्या, म्हणजे मागणीच्या, शेवटी एक इंग्रजी शब्द लावायचा, लीन, म्हणजे सडपातळ. तो लावला की साधी, सडी नोंद हातात येते. मेमरी वाचते, वेळ वाचतो. ‘फक्त त्याच्यात लिहाले जाऊ नको,’ सर म्हणाले, ‘ते कुठीच जतन होत नाई.’ मी तो शब्द लावला आणि पान झटकन उघडलं. त्या दिवशी मला हा माणूस देव वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली फक्त चटणी उचलून खाल्ली आणि डबा परत दिला, तेव्हा ते मत जरा बदललं.

मग हिंगणघाटच्या एका वधू-वर सूचक मंडळाचं काम आलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे समाजातलं बडं प्रस्थ. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, आणि वाक्यागणिक ‘समाज’. सगळ्या उपवर मुलामुलींनी मोबाइलवर फॉर्म भरायचे आणि वार्षिक मेळाव्यात ते मोठ्या पडद्यावर दाखवायचे, असं काम होतं. फॉर्म भरून आले. अध्यक्षांनी ते आमच्या ऑफिसात बसून वाचले आणि त्यांना घाम फुटला.

‘हे असं दाखवता येईल का समाजाले?’ ते म्हणाले. ‘लोकायनं तं खरं खरं लिहून ठेवलं!’

म्हणून त्यांनी नियम सांगितले. वय पस्तिसाच्या वर असेल तर ‘तिशीतील’ असं दिसावं. ‘शेती’ असेल तिथे ‘कृषी उद्योजक’. ‘सध्या काही नाही’ असेल तिथे ‘समाजकार्य’. घटस्फोटाची ओळ दिसूच नये. ते नंतर घरी बसून शांतपणे सांगता येतं. आणि अपेक्षांच्या रकान्यात लोकांनी काहीही लिहिलेलं असो, मुलांचं ‘सुशील, गृहकृत्यदक्ष’ आणि मुलींचं ‘निर्व्यसनी, सुस्थापित’.

सरांनी याला नाव दिलं पावडर. डेटाबेसमधली मूळ नोंद बदलायला त्यांनी साफ नकार दिला. ‘लोकायनं लिहिलेलं मी नाई खोडनार,’ म्हणाले. पण काम तर हवं होतं. मग त्यांनी ही पावडर लायब्ररीच्या त्या लटांबरात बसवली. आत नोंद जशीच्या तशी, बाहेर येताना तोंडाला पावडर लावून येणार. या एका कामात म्हणून त्यांनी आपला लाडका शब्द लावला नाही. लटांबर सोडलं की पावडरही सुटणार, हे त्यांना ठाऊक होतं. दिवसभर ते पडलेल्या तोंडाने बसून होते. मी जड कोड लिहिला की ओरडणारा माणूस स्वतः जड कोड लिहीत होता.

मला मात्र ती पावडर हवी होती. माझ्या दादासाठी.

दादा आमची भाजीपाल्याची शेती करतो. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, हंगामात भेंडी. पहाटे माल घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जातो. चौतीस वर्षांचा झाला होता आणि मुलीकडचे ‘शेती’ शब्द ऐकूनच फोन ठेवत. आईने एका मध्यस्थाकडे ‘कृषी उद्योजक’ असं सांगून पाहिलं, तेव्हा एक स्थळ आलंसुद्धा, गाडी करून. मुलीच्या काकांनी चहा घेतला, अंगणात उभे राहिले आणि चारी दिशांना पाहून म्हणाले, ‘फॅक्टरी कोणत्या साइडला आहे?’ दादा वांग्याच्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हे काय.’ ते लोक गेले. दादा त्या दिवशी जेवला नाही. मग काही दिवसांनी मला म्हणाला, ‘ह्या मेळाव्यात मले उभा करून घे. नाई जमलं तं माझं नाव काढून टाकजो. मी आता कोनाच्या समोर उभा नाई राह्यनार.’ फॉर्म त्याने स्वतःच भरला, मला दाखवला नाही. मला वाटलं, राहू दे, काय लिहिलं असेल ते असेल, वर पावडर आहेच.

मेळावा हिंगणघाटच्या एका मंगल कार्यालयात होता. हॉल भरला होता. मुलं डावीकडे, मुली उजवीकडे, मध्ये आईबाप कपाळाला आठ्या घालून. सर आणि मी स्टेजच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलो होतो, पडदा निवेदिकेच्या समोरच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. अध्यक्षांनी भाषणात उत्साहाने सांगितलं की सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर साइट उघडा. सगळ्यांनी उघडली, एकदमच. आमचा बिचारा स्वस्तातला सर्व्हर, प्रत्येक नोंद लटांबरासकट उचलून प्रत्येक मोबाइलवर पोचवता पोचवता आडवा झाला. पडद्यावर नुसतं एक चाक फिरत राहिलं. निवेदिका ‘आता आपल्यासमोर येत आहेत’ म्हणाली आणि कुणीच आलं नाही. ती पुन्हा म्हणाली. लोक जेवणाच्या मांडवाकडे सरकू लागले. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, ‘अबे, नवरदेव म्हातारा होईन बे तवरी!’

अध्यक्ष दात-ओठ खात आमच्याकडे आले. ‘सर, इज्जत जाऊन राह्यली समाजाची. काहीतरी करा!’

आणि सरांनी केलं. इतक्या वर्षांची सवय. पान जड झालं, पाहायचंच आहे, बदलवायचं नाही. बोटं आपोआप गेली. त्यांनी क्वेरीच्या शेवटी तो एक शब्द टाकला, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि खुर्चीत मागे टेकले. चाक थांबलं आणि पान लख्ख उघडलं. निवेदिकेचा जीव भांड्यात पडला. सर माझ्याकडे पाहून हसले, परीक्षेत पहिला आलेला मुलगा हसतो तसे.

पडद्यावर अध्यक्षांचा सख्खा भाचा होता. निवेदिकेच्या हातातल्या कागदावर ‘समाजकार्य’ होतं. ती वर पाहून वाचत गेली, ‘वय एक्केचाळीस. व्यवसाय, सध्या काही नाही. अपेक्षा, मुलीला नोकरी असावी म्हणजे घर चालेल.’

हॉल असा हसला की पंखे हलले असतील. भाचा खुर्चीखाली काहीतरी शोधू लागला. मी सरांचा दंड धरला. ‘सर, पावडर!’

सरांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मोठे झाले. पण तोवर निवेदिकेने पुढचं बटण दाबलं होतं. पडद्यावर एक मुलगी आली. सेवाग्रामला दवाखान्यात नर्स. वय बत्तीस. खाली ठळक अक्षरांत, घटस्फोटित.

या वेळी कुणी हसलं नाही. माना मात्र वळल्या. मुलींच्या रांगेत नेमकी कुठे बसली आहे ते शोधायला सगळा हॉल वळला. सरांचा चेहरा पांढरा पडला. हवालदारासमोर उन्हात तासभर ढिम्म उभा राहणारा माणूस आता कीबोर्डवर भलतीच बटणं दाबत होता. तो शब्द खोडायचा सोडून ते दुसरंच काहीतरी खोडत होते. वरून अध्यक्ष ओरडत होते, ‘पयलेसारखं करा! आत्ताच्या आत्ता! नाई तं काम काढून घेतो तुमचं!’

तेवढ्यात ती नर्स उठली. निळी साडी, हातात पर्स. माइक लागला नाही, आवाज वॉर्डभर ऐकू जाईल असाच होता.

‘कायले काढून राह्यले?’ ती म्हणाली. ‘मीच लिहिलं होतं ते. तुमच्या सायटीवर दिसतच नोतं. मानसं घरी येते, पोहे खाते, मंग मले सांगा लागते. मंग उठून जाते. पोहे खाऊन जाते, हे ध्यानात घ्या. आज एका खेपेत समद्यायले समजलं. राहू द्या तसंच.’

तिच्या नोंदीत अपेक्षांचा रकाना अजून पडद्यावर होता. तिथे तिने लिहिलं होतं, ‘आधी पूर्ण वाचावे, मग यावे.’

ती खाली बसली. सरांचे हात थांबले.

पुढची नोंद दादाची होती. यादी मला पाठ होती. मी सरांच्या कानाशी लागले, ‘सर, एवढी एक तरी पावडर लावून जाऊ द्या. पुढचा माझा दादा आहे. हसतील त्याला.’ रडू येत होतं मला. डावीकडच्या रांगेत दादा इस्त्रीच्या शर्टात ताठ बसला होता, आणि हसणाऱ्या त्या हॉलमध्ये आज तो शेवटचंच उभा राहणार होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘काय लिहिलं हाय त्यानं?’

‘मला माहीत नाही.’

‘मंग आपन ठरवनारे कोन व?’ ते इतक्या हळू म्हणाले की मला ते स्वतःशीच बोलले असं वाटलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. अध्यक्षांनी तो ओढून पाहिला, सरांनी सोडला नाही.

पडद्यावर दादा आला. वय चौतीस. व्यवसाय, शेती. कंसात, वांगी चांगली होतात. निवेदिका पुढचं वाचत गेली. ‘अपेक्षा. पहाटे बाजारात जावे लागते, ते मी जाईन. तिने उठायची गरज नाही. नोकरी असेल तर करावी, नसेल तर नाही. मला जास्त बोलता येत नाही, तिला येत असेल तर बरे.’

हसू आलंच. पण ते भाच्याच्या वेळचं हसू नव्हतं. मधल्या रांगेतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. दादा रिवाजाप्रमाणे उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला. त्याने हात जोडले आणि खाली बसायचं विसरला. शेजारच्याने शर्ट ओढून त्याला बसवलं.

मग राहिलेल्या सगळ्या नोंदी तशाच दाखवल्या गेल्या, कारण सरांच्या हातून लॅपटॉप काही निघाला नाही. कुणी आईला विचारून सांगतो असं लिहिलं होतं, कुणी टक्कल आहे असं लिहिलं होतं. जेवणाकडे सरकलेले लोक ताटं घेऊन परत हॉलमध्ये आले. मंडळाचं काम आमच्या हातून गेलं ते गेलंच. अध्यक्षांनी सरांना स्टेजवरून उतरताना सांगितलं की हिंगणघाटात पाय ठेवू नका. सरांनी ऐकलंसुद्धा नाही. ते मुलींच्या रांगेकडे चालत होते.

मी मागोमाग गेले. ती नर्स तोवर मांडवात ताट घेऊन उभी होती. सर तिच्यासमोर गेले आणि हात जोडले. मला वाटलं काहीतरी तिरपागडं बोलतील, कारण दुसरं त्यांना येत नव्हतं. पण ‘माझ्याच्यानं चुकीनं झालं,’ एवढंच कसंबसं म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. भर मांडवात, बुंदीच्या परातीजवळ.

तिने ताट खाली ठेवलं. ‘तुमी कायले रडून राह्यले, सर? लग्न तं माझं जमाचं हाय.’

सर रडता रडता हसले आणि बाहीने नाक पुसू लागले.

‘त्या वांगेवाल्याच्या घरून कोनी आलं हाय का?’ तिने विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

‘मी,’ मी म्हणाले. ‘मी बहीण त्याची.’

तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग बाजूची खुर्ची ओढून माझ्याकडे सरकवली.

‘बस मंग,’ ती म्हणाली. ‘जेवली का तू?’